मुक्या वर्गातली चकती

त्या खोलीत शिरलं की आधी कान रिकामे व्हायचे, मग डोकं, आणि सगळ्यात शेवटी खांदे खाली यायचे.

खोली कार्यालयाच्या पार टोकाला होती. भिंती पोलादी, आणि आतल्या बाजूला छतापासून जमिनीपर्यंत निळ्या फोमचे हातभर लांबीचे शंकू, टोकं सगळी आत रोखलेली. झोपलेल्या साळिंदराला कुणी मोज्यासारखं उलटं केलं आणि आपण त्याच्या पोटात जाऊन उभे राहिलो, तर असंच दिसेल. दाराच्या कडेला तांब्याच्या बारीक पट्ट्यांची झालर होती. दांडा खाली ओढला की पट्ट्या चौकटीला गच्च भिडायच्या आणि बाहेरचं जग तिथल्या तिथे मिटायचं. कुठल्या मनोऱ्याची लहर आत येत नसे, कुणाच्या फोनची हाक येत नसे. माणसाचा आवाजसुद्धा शंकूंमध्ये शिरायचा तो परत यायचाच नाही. कार्यालयातले सगळे त्या खोलीला गुहा म्हणायचे.

गुहा तपासनीसबाईंच्या ताब्यात होती. बाई म्हणायच्या एवढंच. वयानं तशी पोरच, आणि घरी अजून दात न आलेलं एक पोर. ज्या यंत्राला हवेतून बोलायचं किंवा ऐकायचं असेल, ते दुकानात जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचं. फोन, बिनतारी घंटी, गाडीची किल्ली, खेळण्यातलं विमान, सगळं. गुहेच्या मधोमध एक फिरतं टेबल होतं. त्यावर ती यंत्राला बसवायची, दार लावायची आणि शेजारच्या खोलीत पडद्यासमोर येऊन बसायची. यंत्र बोललं की पडद्यावर रेघ उभी राहायची. किती मोठ्यानं बोलतंय, दुसऱ्याच्या अंगणात पाय तर टाकत नाही ना, हे बघायचं आणि मग त्याचा वर्ग ठरवायचा.

वर्ग तीन. कागदावरची त्यांची नावं इतकी लांब की वाचता वाचता धाप लागावी. म्हणून अर्जाच्या खिडकीवर बसणाऱ्या खिडकीताईनं आपली नावं पाडली होती. पहिला मुका : जो नुसता ऐकतो. त्याला बनवणाऱ्याची सहीची घोषणा पुरते, वर गुहेत एकदा खात्री करायची. दुसरा कुजबुज्या : जो बोलतो, पण घरातल्या घरात. त्याची पुरती तपासणी, आणि तपासणीसाठी रांग. तिसरा बोलका : ज्याचा आवाज गाव ओलांडून जातो, ज्याला टेलिफोनच्या जाळ्यात शिरायचंय. त्याचे कागद लग्नाच्या याद्यांनाही लाजवतील असे.

"जेवढं तोंड मोठं, तेवढी फाइल जाड," खिडकीताई म्हणायची. "माणसांना हाच नियम लावला असता ना, तर आमच्या जाऊबाईंची फाइल हातगाडीवरून आणावी लागली असती."

बाळंतपणाची रजा संपवून तपासनीस कामावर परत आली तेव्हा मुंगळा अजून फक्त दुधावर होता. मुंगळा म्हणजे तिचा मुलगा. गुळाच्या ढेपेला चिकटावा तसा तो आईला चिकटायचा, म्हणून आजीनं ठेवलेलं नाव. सासूबाई म्हणाल्या होत्या, "तू जा गं निर्धास्त. बाटली भरलेली ठेव, बाकी मी आणि तो बघून घेतो." पण बाटली भरायची तर दिवसा दूध काढायला हवं, आणि काढायचं कुठे? बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी कधीची मोडलेली. कागदांच्या खोलीत कुणी ना कुणी जुनी फाइल शोधत असायचं. एकदा तिथे कपाटाआड बसली असताना शिपाई आत आला, तिला बघून आला तसा गर्रकन वळला आणि मग आठवडाभर तिच्याशी छताकडे बघून बोलत राहिला.

तेव्हा तिला गुहा आठवली. गुहेच्या दारावर लाल दिवा लागला की जगातलं कुणीही ते दार उघडत नसे. साहेबसुद्धा नाही.

मग रोजचंच झालं. "खोली तयार करते," असं म्हणून ती जायची, दांडा ओढायची, फिरत्या टेबलाला पाठ टेकून जमिनीवर बसायची. दूध काढायचा पंप तिच्या तळहातात मावेल एवढा, वाटीच्या आकाराचा, बिनतारी. तो छातीशी धरून ती डोळे मिटायची. त्या शांततेत आधी स्वतःचं रक्त ऐकू यायचं, दूरच्या रस्त्यासारखं. मग श्वास. मग कधीतरी, मुंगळ्याच्या टाळूचा वास आठवता आठवता, पान्हा फुटायचा आणि बाटलीत थेंबांची टपटप सुरू व्हायची. त्या टपटपीवर ती तरंगायची. सगळ्या शंकूंची टोकं तिच्याकडे वळून ऐकताहेत असं वाटायचं, कधी ती निळी पिलं होऊन चोची उघडून बसल्यासारखी. जागी होती की झोपलेली, हे तिला सांगता आलं नसतं.

झालं की पंपाचं बटण दाबून तो बंद करायची. धुवायचा भाग आणि बाटली कोटाच्या खिशातून चहाच्या खोलीत न्यायची. उरलेला पंप मात्र भरलेल्या बाटलीच्या जोडीला खिशात मावायचा नाही, आणि हातात धरून खिडकीताईच्या समोरून जायचं म्हणजे दवंडीच. कोपऱ्यातला एक शंकू सुटा होता. त्याच्यामागे खोबण होती. पंप तिथे ठेवला की घरी जाताना घ्यायचा.

फोन, घड्याळ, किल्ल्या गुहेत न्यायच्या नाहीत, हा नियम तिनंच नवख्यांना पढवलेला. पण पंपाला ती यंत्र म्हणतच नव्हती. तो तिच्या लेखी बाळाच्या दुपट्यासारखा, बाळाच्या सामानातला.

अशातच ती चकती आली.

हाताच्या पंजाएवढी, गोल, चपटी. उशीखाली ठेवायची. पाळण्याजवळ एक छोटी पेटी असायची. बाळ रडलं की पेटी कुजबुजायची आणि चकती थरथरायची. ज्या आयांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. पेटी दुसऱ्या वर्गात आधीच पास होऊन मालकांकडे परत गेली होती. चकती नुसती ऐकणारी, म्हणून अर्ज पहिल्या वर्गात. सोपं काम.

तपासनीसनं दुपारी ती टेबलावर ठेवली. आदल्या रात्री मुंगळ्यानं डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. पडद्यावर तिनं पाहिलं तर रेघ. लहानशी, पण स्पष्ट. थांबून थांबून उठणारी. घरगुती कुजबुजींच्या पट्ट्यातच, बरोबर तिथेच. ऐकणारी यंत्रंसुद्धा थोडंफार पुटपुटतात, तेवढं चालतं. पण हे पुटपुटणं नव्हतं. कुणीतरी 'मी आहे, मी आहे' असं म्हणत होतं.

तिनं रेघेची उंची पाहिली, लिहिली, सही केली. जांभई आली. साहेबांनी चकतीच्या मालकांना पत्र पाठवलं.

पत्र घेऊन दोघं आले, बाप आणि लेक. बाप श्रवणयंत्रं दुरुस्त करायचे, गावभर 'कानवाले' म्हणून ओळखले जायचे. लेक इंजिनियर. चकती तिनं बनवलेली. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. पोट इतकं पुढे आलेलं की खिडकीपाशी तिला तिरकं उभं राहावं लागलं.

"कुठल्या वर्गाचा अर्ज?" खिडकीताईनं विचारलं.

"पहिल्या," कानवाले म्हणाले.

"अच्छा, म्हणजे मुका..." खिडकीताईनं जीभ चावली. पण लेकीचे डोळे तिच्या ओठांवरच होते. लेक हसली आणि तिनं हातांनी भराभर काहीतरी सांगितलं.

"काय म्हणाल्या?" खिडकीताईचा चेहरा लाल झालेला.

"म्हणते, त्याच वर्गात बसवा. ओळखीचा आहे."

साहेबांच्या खोलीत मात्र कुणी हसलं नाही. साहेब वाईट माणूस नव्हते. शिक्का मारण्याआधी त्यावर फुंकर घालायची त्यांना सवय होती, आणि माणसांशीही ते तसंच, फुंकर घालून बोलायचे.

"हे बघा, कानवाले, तुम्ही घोषणेत लिहून दिलंय की चकती बोलत नाही. आमच्या पडद्यावर ती बोलतेय. आज तुमच्यासमोर पुन्हा तपासू. आजही रेघ उठली तर मला 'खोटी घोषणा' असा शेरा मारावा लागेल. मग पुढची काही वर्षं तुमची कुठलीच वस्तू आम्हाला घेता येणार नाही. त्यापेक्षा आत्ताच अर्ज मागे घ्या. दुसऱ्या वर्गात टाका. रांग मोठी आहे, वर्ष जाईल, पण डाग लागणार नाही."

कानवाल्यांनी लेकीकडे वळून हात हलवत विचारलं, "टाकू या का गं दुसऱ्यात?"

लेकीचे हात उसळले. बाप ओशाळून साहेबांना म्हणाले, "ती म्हणते, जी बोलत नाही ती बोलते असं लिहून देऊ? हे खोटं नाही का? आणि वर्षभर त्या बायकांनी काय करायचं?"

"कुठल्या बायका?" तपासनीसनं विचारलं.

"बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकलेल्या. आता आया झाल्यात. वाट बघताहेत ना चकतीची." कानवाले थांबले. "हिच्या आईलाही ऐकू येत नसे. रात्री हिच्या पायाला दोरा बांधून झोपायची, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. पोर वळवळली की दोरा ओढला जायचा. मी कामाला बाहेरगावी असायचो. आलो की बघायचो, मनगटावर वळ. आजही त्या शाळेतल्या बायका दोराच बांधतात, बाई. एकीचा मध्यंतरी तुटला. पोर रडून रडून निळं पडलं आणि ती शेजारी शांत झोपलेली. काही झालं नाही, देवाची कृपा. पण तेव्हापासून ती झोपतच नाही म्हणतात."

लेक पुढे झुकली आणि स्वतःच्या आवाजात बोलली. तो आवाज नदीतल्या गोट्यासारखा होता, कडा झिजलेल्या. "ती ऐकते. फक्त ऐकते."

"मशीन खोटं दाखवत नाही हो," तपासनीस हळूच म्हणाली. म्हणाली, आणि तिचं तिलाच ते शिळं वाटलं.

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली, तपासनीसच्या पांढऱ्या कोटावर गेली. तिथे छातीशी नाण्याएवढा ओला डाग उमटत होता. लेकीनं दोन्ही हातांचा पाळणा केला आणि भुवया उंचावल्या. बाळ?

तपासनीसनं मान हलवली आणि फाइल छातीशी धरली. "मी जरा... खोली तयार करते."

गुहेत तिला त्या दिवशी तरंगता आलं नाही. डोळे मिटले की दोरा दिसायचा. एका अंधाऱ्या खोलीतून दुसऱ्या अंधाऱ्या खोलीत जाणारा, लांबच लांब, आणि त्याच्या टोकाला कधी मुंगळ्याची टाच, कधी कुणाचीच नाही. दूध मात्र भरपूर आलं. तिनं पंप बंद केला, शंकूमागे सरकवला, टेबलावर चकती ठेवली आणि दार लावलं.

पडद्याच्या खोलीत चौघं. साहेब उभे, कानवाले स्टुलावर, लेक भिंतीला टेकलेली, दोन्ही हात पोटाखाली. गुहेतल्या कॅमेऱ्यात फिरतं टेबल दिसत होतं, निळ्या शंकूंच्या मधे, समुद्राच्या तळाशी ठेवलेल्या थाळीसारखं. ते हळूहळू फिरू लागलं.

रेघ उठली. पडली. पुन्हा उठली.

"झालं," कानवाले म्हणाले. नुसतं एवढंच, आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. लेकीला पडद्याचा अर्थ कुणी सांगावा लागला नाही. साहेबांनी खिशातलं पेन काढलं.

तपासनीस मात्र पडद्याकडून कॅमेऱ्याकडे आणि कॅमेऱ्याकडून पडद्याकडे बघत होती. टेबलानं अर्धी फेरी घेतली होती. टेबलावरचं यंत्र फिरता फिरता बोलतं तेव्हा त्याची रेघ कमीजास्त होते. गोल फिरत गाणाऱ्या पोराचा आवाज जसा तोंड आपल्याकडे असताना मोठा आणि पाठ झाली की बारीक येतो, तसंच. इतक्या वर्षांत एकही यंत्र तिनं असं पाहिलं नव्हतं, ज्याची रेघ झुलत नाही.

ही झुलत नव्हती. टेबल फिरत होतं आणि रेघ तेवढीच्या तेवढी, खुंटीसारखी.

पहिल्या वेळीही अशीच होती. तिनं उंची पाहिली होती, झोका पाहिला नव्हता.

"साहेब, एक मिनिट. पेन ठेवा."

ती गुहेत गेली, चकती उचलली, पाठीमागचं झाकण सरकवून बॅटरी काढली. मेलेली चकती परत टेबलावर ठेवली, बाहेर आली आणि दांडा ओढला.

पडद्यावर रेघ उठली. पडली. पुन्हा उठली.

बॅटरी तिच्या तळहातात होती. लेकीनं ती बघितली आणि भिंतीपासून सुटून पुढे आली.

"म्हणजे?" कानवाल्यांना काही कळेना.

"म्हणजे ही नाही बोलत," तपासनीस म्हणाली.

"मग कोण बोलतंय?" साहेबांचा आवाज चढला. "गुहा गळतेय का? बाहेरचं आत येतंय? अहो, मग ही तपासणीच रद्द. दार उघडून झालर बदलायची म्हणजे माणूस बोलवा, मंजुरी घ्या... काय करणार आता कानवाले, थांबावं लागेल. दार दुरुस्त होईपर्यंत सगळंच थांबेल."

तिला कळलं होतं. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं. पंप फोनशी बोलायचा, आज किती दूध निघालं ते सांगायला. फोन बाहेर कपाटात, पोलादापलीकडे. बटण दाबून तो थांबायचा, पण गप्प बसायचा नाही. बराच वेळ फोनला हाका मारत राहायचा आणि मग कधीतरी दमून झोपायचा. सकाळी रिकाम्या गुहेची तपासणी व्हायची तेव्हा तो तिच्या पिशवीत, घराहून येऊन पडलेला. आणि दुपारी टेबलावर बोलकी आणि कुजबुजी यंत्रं असायची. त्यांच्या गजबजाटात त्याचं इवलंसं 'मी आहे' कुणाला ऐकू येणार? एखादी खरीखुरी मुकी वस्तू टेबलावर यावी लागली.

आता गप्प राहिलं तर? तासाभरात पंप झोपेल. दाराचा माणूस येईल, झालर पुसेल, रेघ नाहीशी होईल. 'दार नादुरुस्त होतं.' कुणाला कधी कळणार नाही. गुहा तिची राहील. आणि मंजुरी येईपर्यंत ही बाई पोट सांभाळत थांबेल, आणि त्या शाळेतल्या बायका दोरे बांधतील.

तिनं दार उघडलं, कोपऱ्यातला सुटा शंकू काढला आणि पंप हातात घेऊन बाहेर आली. फडक्यात न गुंडाळता, तसाच.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

कानवाल्यांना कळलं असावं, कारण ते एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघू लागले.

चहा घेऊन आलेली खिडकीताई दारातच थबकली. "अगं बाई! म्हणजे रोज 'खोली तयार करते, खोली तयार करते' म्हणतेस ती ही तयारी होय?"

आणि लेक हसली. ऐकू येणाऱ्या माणसांसारखी आवाज आवरून नाही. पोटापासून, मोकळी, मोठ्यानं. हसता हसता तिनं पोट धरलं आणि खुर्ची ओढून बसली. मग हात हलवले.

"विचारतेय," कानवाले घड्याळाशीच बोलले, "बिचारं हाका कुणाला मारत होतं?"

"माझ्या फोनला."

लेकीनं पंप मागून घेतला, तळव्यावर ठेवला आणि एका बोटानं त्याला थोपटलं.

साहेबांनी तो तिच्याकडून घेतला आणि सवयीनं उलटा केला. कुठलीही वस्तू हातात आली की ते आधी तिचा तळ बघायचे. "दुसरा वर्ग," त्यांनी वाचलं. "शिक्का आपलाच आहे की."

"मीच तपासला होता, साहेब. तेव्हा नुसतं यंत्र होतं ते."

पंप कार्यालयाच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीताईच्या खणात गेला. चकतीत बॅटरी परत बसवली. गुहेचं दार मिटलं. टेबल फिरू लागलं.

पडद्यावर काही उठलं नाही. तळाशी तेवढं गवतासारखं बारीक थरथरणं, जे कुठल्याही शांततेत असतंच. चौघं ते गवत बघत राहिले. एक फेरी झाली, दुसरी झाली. लेकीनं बापाचा दंड धरला होता. तपासनीसला वाटलं, आपण एवढी नितळ शांतता आजवर पाहिलीच नव्हती. रोज तिच्यात बसायचो, पण दिसली आज.

"आता?" कानवाल्यांनी विचारलं.

"आता ऐकतेय," ती म्हणाली. "फक्त ऐकतेय."

सगळे गेल्यावर साहेबांनी तिला थांबवलं. खोटी घोषणा नाही, पत्र मागे घेतलं जाईल, हे त्यांनी सांगून झालं होतं. आता ते चष्मा पुसत होते, आधी एक काच, मग दुसरी, मग पुन्हा पहिली.

"गुहेत ते चालायचं नाही."

"हो, साहेब."

"तुम्हीच नियम शिकवता."

"हो."

"माझ्या खोलीला आतून कडी आहे." साहेब चष्म्याशी बोलत होते. "दुपारी मी फेरी मारायला जातोच. तेव्हा खोली नुसती पडून असते. तसं म्हटलं."

"फेरी कसली," नंतर खिडकीताई तिच्या कानाशी म्हणाली, "मागच्या बाकावर जाऊन डुलक्या काढतात. पण जाऊ दे, देवमाणूस."

साहेबांच्या खोलीत पंखा कुरकुरायचा, बाहेर कुणी ना कुणी शिंकायचं. पहिले काही दिवस दूध नीट येईना. मिटल्या डोळ्यांपुढे शंकू यायचे नाहीत, तर शिक्के यायचे, ओळीनं उभे. घरी सासूबाईंनी बाटली उजेडात धरली, "आज कमी आहे गं," म्हणाल्या, आणि तिचा चेहरा बघून लगेच, "पुरेल, पुरेल. तुझा मुंगळा काही उपाशी मरत नाही." तिला गुहेची आठवण यायची. तपासणीसाठी आत गेली की शंकूमागच्या रिकाम्या खोबणीला हात लावून यायची.

आणि आता ती प्रत्येक यंत्राचा झोका बघायची. आधी झोका, मग उंची. कितीही जांभया आल्या तरी.

चकतीचं प्रमाणपत्र तयार झालं त्या दिवशी कानवाले एकटेच आले. खिडकीताईनं त्यांना बघून आतल्या बाजूला हाक मारली, "तपासबाई, तुझी मुकी न्यायला आले गं!" आणि या वेळी जीभ चावली नाही.

तपासनीस प्रमाणपत्र आणि नमुन्याची चकती घेऊन बाहेर आली. बॅटरी तिनं स्वतःच बसवून ठेवली होती.

कानवाल्यांनी कागद हातभर लांब धरून वाचला. "वर्ग पहिला." पुन्हा वाचला. "शाळेतल्या बायकांना आजच कळवतो. लेक तर म्हणाली, चौकटीत लावू या."

"आहेत कशा त्या? झालं का...?"

"मुलगी!" त्यांचा चेहरा उजळला. "आठवडा झाला. खाली गाडीत आहेत दोघी. म्हटलं वर चल, तर म्हणते, जिना आता नको, बाबा. पोरगी झोपलीय. पेटीही सोबत घेतलीय, जिथे जाईल तिथे घेते, वेडी. चकती मिळाली की पोरीचं रडणं पहिल्यांदा तिला..."

तपासनीसला पुढचं ऐकू आलं नाही. तिच्या तळहातावर चकती थरथरली.

आधी एकदाच, पाखरानं अंग झाडावं तशी. मग थांबून पुन्हा, आणि मग सलग. कार्यालयात नेहमीचंच चाललं होतं. कुणी कागद फाडत होतं, कुणी फोनवर भांडत होतं. रडण्याचा आवाज कुठेच नव्हता. भिंतीपलीकडे, जिन्याखाली, बंद काचेच्या गाडीत कुणी आठवड्याचं माणूस तोंड उघडून हाक मारत होतं, आणि ती हाक इथे हातात येत होती, मनगटातून कोपरात, कोपरातून वर.

"उठली," ती म्हणाली.

"कोण?"

"तुमची नात. रडतेय."

कानवाल्यांनी कान टवकारले, जिन्याकडे पाहिलं, काही ऐकू आलं नाही. मग त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं आणि चकतीवर आपला हात ठेवला. दोघांच्या हातांमधे ती धडधडत राहिली. तपासनीसच्या छातीत कळ उठली, ओळखीची, गोड, आणि पान्हा असा फुटला की तिला कोट सावरायचीही उसंत मिळाली नाही. साहेबांच्या खोलीत डोळे मिटून मिटून जे येत नव्हतं, ते भर दुपारी, खिडकीसमोर, सगळ्यांच्या देखत.

चकती एकदा अडखळली. अजून एकदा थरथरली. मग शांत झाली.

"घेतलं वाटतं उचलून," कानवाले म्हणाले.

"घेतलं."

ती तशीच उभी राहिली, हात पुढे, जणू अजून काहीतरी यायचं होतं. खिडकीताईनं अर्जावरून मान वर न करताच खण उघडला, पंप काढला आणि फळीवर तिच्यापुढे सरकवला.

"जा," ती म्हणाली. "साहेब फेरीला गेलेत."